खुणेवरून डबा शोधायचा खेळ – आमच्या डोंगरावर सुरू केलाय, तुमच्याकडे जमेल का?

पांदणवाट

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात डोंगराला लागून आमचं गाव आहे, मी तिथल्या शाळेत शिकवते. गावामागे काळ्या खडकाचा डोंगर. वर सागवान, ऐन, धावडा, उताराला मोह. यंदा दिवाळीनंतर त्या डोंगरात आम्ही टपालाचा एक डबा लपवला आणि त्याच्यापर्यंत नेणाऱ्या खुणा मारुतीच्या पारावर लावल्या. हा खेळ विदर्भातल्या गावागावांत व्हावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा. इथे रान ओळखणारी बरीच माणसं आहेत, त्यांच्याकडून शिकायचंही आहे.

खेळ मूळचा इंग्लंडचा. डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं ओसाड, दलदलीचं पठार आहे. चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये त्या पठाराच्या पार आत, क्रॅनमियर पूल नावाच्या जागी, एक बाटली ठेवली. तिथवर चालत पोचणं हीच मोठी गोष्ट होती. जो पोचेल त्याने आपल्या नावाचं कार्ड बाटलीत टाकून यायचं. १९०५ मध्ये तिथे नोंदवही आली. हळूहळू लोक स्वतःचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड तिथे ठेवू लागले. मागून येणारा वाटसरू ते उचलायचा आणि खाली उतरल्यावर टपालात टाकायचा. आपलं कार्ड घरी आलं की कळायचं, आपल्यामागून कुणीतरी तिथे जाऊन आलंय. पुढे ठसे आले. १९९८ मध्ये एका अमेरिकन मासिकात यावर लेख छापून आला आणि खेळ तिकडेही पसरला.

आताची रीत अशी. डब्यात एक ठसा आणि एक वही. शोधणाऱ्याजवळ त्याचा स्वतःचा ठसा, स्वतःची वही. डब्यातला ठसा आपल्या वहीत उमटवायचा, आपला ठसा डब्यातल्या वहीत, खाली तारीख, आणि डबा होता तसा परत ठेवायचा. घ्यायचं काही नाही, बक्षीस नाही. आम्ही यात पोस्टकार्डाची जुनी पद्धत पुन्हा आणली आहे. सातवीच्या पोरांनी आपापल्या पत्त्याची कार्डं लिहून डब्यात ठेवली आहेत. जो पोचेल त्याने एक कार्ड उचलायचं, दोन ओळी लिहायच्या आणि पेटीत टाकायचं.

खुणा आमच्याच बोलीत लिहिल्यात:

मारुतीच्या पारावरून उगवतीले तोंड कर,
नाला ठेव डाव्या अंगी, पांदनीची वाट धर.
पांदन जिथं सरून जाते, मगरपाठ्या राखण करते,
त्याच्या बुडाशी उभा राह्यजा, वाट तिथून दोन होते.
उजवी जाते पान्याकडं, डावी जाते रानाकडं,
आपल्याले नाही दोन्ही, आपला रस्ता दगडाकडं.
म्हातारीच्या खाटेवरून मावळतीचा डोंगर पाय,
खांद्याएवढ्या उतरंडीत तुह्यासाठी टपाल हाय.

म्हातारीची खाट कुठल्याच नकाशावर नाही. ती गावातल्या माणसालाच ठाऊक. म्हणजे डबा हवा असेल तर कुणाच्या तरी ओसरीवर थांबून विचारावंच लागतं, आणि ही ओळ मी मुद्दाम तशी ठेवली आहे. बाहेरून माणसं येतात, गाडी लावतात, रान पाहतात, निघून जातात. गावाशी दोन शब्द होत नाहीत. आमच्या डोंगरातल्या प्रत्येक खडकाला, खोऱ्याला, उताराला नाव आहे आणि ती नावं म्हाताऱ्या माणसांसोबत संपत चालली आहेत. खुणांच्या निमित्ताने पोरांनी घरोघर फिरून ती विचारली, वहीत उतरवली. खरं सांगायचं तर डब्यापेक्षा मला त्या वहीचं मोल जास्त वाटतं.

सगळ्यात जास्त डोकं चाललं ते ऋतूंवर. आपलं रान पानझडीचं. दिवाळीत कंबरेएवढं गवत, दहा पावलांपुढचं दिसत नाही. माघात तेच रान आरपार दिसतं. सागाचं पान खुणेला घ्यावं तर चैत्रात साग उघडाबोडका. नाल्याचं पात्र खुणेला चालतं, पाण्याचा आवाज चालत नाही, पौषात तो गेलेला असतो. पळस फुलला की डोंगरभर पळसच पळस, एरवी नवख्याला एकही ओळखू येत नाही. म्हणून टिकणारं तेवढंच घेतलं: पार, पांदण, झाडाचं खोड, दगड.

जागेचंही सांगून ठेवते. डबा वनखात्याच्या जमिनीवर नाही. गावातल्या एका काकांच्या शेताचा वरचा पडीत तुकडा आहे, धुरा संपला की रान लागतं. काकांची परवानगी आहे आणि ग्रामपंचायतीलाही कळवलंय.

तुमच्याकडे असं काही कुणी केलंय का? डबा उन्हा-पावसात कसा टिकवायचा? आणि खुणा कशा लिहाल?

---

सालई

ताई, किती सुंदर! पोरांनी गोळा केलेल्या नावांची यादी इथे टाका ना. डबा नागपूरहून एका दिवसात होईल का? येत्या रविवारी यायचा विचार आहे.

---

वऱ्हाडी गडी

लय भारी काम केलं बाप्पा! मगरपाठ्या म्हंजे येन ना वो ताई? येनाची साल तशीच रायते, चौकोन चौकोन, मगरीच्या पाठीवानी. आमच्या अकोटाकडं गुराखी पोट्टे उन्हाळ्यात तहान लागली का येनाचं खोड पायतात, कई कई झाडाच्या फुगीर गाठीत पानी रायते. चीर देल्ली का चुळकाभर निंघते.

मले एक सांगा. आमचा नरनाळा किल्ला हाय, इकडं गाविलगड हाय. तिथं असा डबा ठेवला तं? बुरूज हायेत, तलाव हायेत, खुणाच खुणा भेटतीन.

---

जुना नाकेदार

वऱ्हाडी गडी, नरनाळा आणि गाविलगड दोन्ही ठिकाणी हे करू नका. दोन्ही संरक्षित स्मारकं आहेत आणि दोन्ही मेळघाटच्या वन्यजीव क्षेत्रात येतात. किल्ल्याच्या भिंतीतला दगड सरकवून डबा ठेवणं म्हणजे वास्तूला हात लावणं. डार्टमूरवरसुद्धा जुन्या शिळा आणि अवशेषांमध्ये डबा ठेवायचा नाही हा नियम पाळतात.

मी वनखात्यात नोकरी करून निवृत्त झालो. पांदणवाट ताईंनी जागा खाजगी घेतली हे फार बरं केलं. इतरांसाठी लिहून ठेवतो. अभयारण्यात परवान्याशिवाय पाय ठेवता येत नाही आणि तिथे कचरा टाकायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. तुमचा ठशाचा डबा गस्तीवरच्या वनरक्षकाच्या दृष्टीने बेवारस वस्तूच. राखीव वनाला १९२७ चा वन अधिनियम लागतो, तिथेही बिनपरवाना काही ठेवायचं नाही. जागा शोधायचीच तर गावचं गायरान, खाजगी पडीत, किंवा जिथे गावाला सामूहिक वनहक्क मिळालाय तिथे ग्रामसभेला विचारून.

आता रानातल्या धोक्यांबद्दल, कारण हे कुणी लिहीत नाही.

कपारीत हात घालायचा नाही. कधीच नाही. फुरसं दगडाखाली बसतं, विंचू तर असतोच. तुमच्या खुणेत 'खांद्याएवढी' उतरंड आहे ते चांगलं, डोळ्यांना आतलं दिसतं. तरी काठीने आधी ठोकून बघा, मगच दगड काढा. कड्याखाली आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला फिरकूच नका, आणि अत्तर-स्प्रे मारून रानात जाऊ नका.

मोह पडायला लागला की पहाटे मोहाखाली अस्वल येतं. वाघाची हद्द कागदावर असते, वाघ तिच्याबाहेरही फिरतो, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आजूबाजूला तर नक्कीच. एकट्याने जायचं नाही, ऊन वर आल्यावर निघायचं आणि चारच्या आत पांदणीला लागायचं. गावात कुणाला तरी सांगून जायचं. तुमच्या त्या ओळीमुळे ते आपोआप होतंय, म्हणून मला ती खूण आवडली.

शेवटचं, आग. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आमच्याकडे आगीचा हंगाम धरतात. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळला जातो, तेंदूच्या फुटव्यासाठी कुठे कुठे आग लावतात, आणि ती पसरते. जमिनीवरची आग पाल्यातून सरपटत जाते. प्लास्टिकचा डबा वितळून जाईल, स्टीलच्या डब्यातली वही करपेल. त्या काळात डबा खाली आणा.

---

पांदणवाट

काका, तुम्ही लिहिलंत त्यातला आगीचा मुद्दा आमच्या डोक्यात एवढा स्पष्ट नव्हता. तुमच्या तारखेआधी डबा उतरवू. काठीचं मात्र पारावरच्या पाटीवर पहिल्या दिवसापासून लिहिलंय: 'हात नाही, काठी.'

वऱ्हाडी गडी, हो, ऐनच. गाठीतल्या पाण्याचं आमच्या पोरांनाही ठाऊक आहे, पण झाडाला चीर पाडायची नाही असं त्यांनीच ठरवलंय.

---

नकाशेवाला

धागा वाचून राहवलं नाही. दोन-तीन गोष्टी.

पहिली दिशेबद्दल. 'उगवतीले तोंड कर' म्हटलंय. आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी सूर्य नेमक्या पूर्वेला उगवत नाही, सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. म्हणजे संक्रांतीच्या आसपास सूर्याकडे तोंड करून निघालेला आणि मृगात निघालेला माणूस वेगवेगळ्या दिशांना जातील. वाट एकच असेल तर काही बिघडत नाही, पण उघड्या माळावर अशी खूण देऊ नका. ध्रुवतारा चालतो, किंवा सरळ होकायंत्र.

होकायंत्र वापरणार असाल तर आपल्याकडे एक सोय आहे: विदर्भात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक, तो सोडून दिला तरी चालतो. पण काळ्या खडकावर होकायंत्र टेकवायचं नाही. बेसॉल्टमध्ये चुंबकी खनिज असतं, काही कातळांवर, विशेषतः माथ्यावर, सुई चांगलीच भरकटते. छातीशी धरा, दोन पावलं सरकून पुन्हा बघा. दोन्हीकडे सारखं आलं तरच विश्वास ठेवा.

पावलांचं माप देणार असाल तर सपाटीवर आणि चढावर पाऊल वेगळं पडतं. शाळेच्या मैदानावर १०० मीटर दोरीने मोजून पोरांना चालवून बघा, प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल. 'ऐनापासून ४० पावलं' असं लिहिलं तर कुणाची पावलं, हा प्रश्न येतोच.

आणि ताई, तुमच्या जिल्ह्याचं या विषयाशी एक जुनं नातं आहे. हिंदुस्थानाचं मोठं त्रिकोणमितीय सर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासला सुरू करणारा विल्यम लॅम्बटन मोजत मोजत उत्तरेला येत होता, तो २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याला तिथेच पुरलंय. त्या सर्वेक्षणात डोंगरमाथ्यांवर दगडात एक वर्तुळ आणि मधोमध टिंब कोरून ठेवायचे, म्हणजे पुढचा माणूस नेमक्या त्याच बिंदूवर उभा राहून मोजणी करू शकेल. पोरांना हिंगणघाटला नेऊन ही गोष्ट सांगा. मागून येणाऱ्यासाठी खूण ठेवून जाणं हे काम किती मोलाचं असतं ते त्यांना तिथे कळेल.

---

मूळचा यवतमाळचा

मी पुण्यात जिओकॅशिंग करतो, जवळपास हाच खेळ, फक्त जीपीएसवर. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांतली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनमध्ये पहिला डबा ठेवला गेला. तुम्ही अक्षांश-रेखांश दिलेत तर बाहेरच्या माणसाला खूप सोपं जाईल. कविता छान आहे, पण वऱ्हाडी न येणाऱ्याचं काय?

---

पांदणवाट

सोपं जाईल हे खरं. पण मग तो मोबाइलकडे बघत सरळ डब्यावर जाईल. पार, पांदण, ऐन, खाट यांतलं काहीही त्याला बघावं लागणार नाही आणि गावात थांबायची गरज उरणार नाही. डोंगराच्या पलीकडून येऊन पलीकडूनच परत जाईल. मला हवंय ते नेमकं उलटं. वऱ्हाडी येत नसेल तर किराणा दुकानात विचारा, सगळं गाव अर्थ सांगायला तयार आहे. शिवाय खोऱ्यात उतरलं की मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून घेतला नसेल तर ती भिस्त तशीही उपयोगाची नाही.

नकाशेवाला, हिंगणघाटची सहल नक्की काढणार. सूर्याचं वाचून वर्गात मोठा वाद झाला. आमच्या पहिल्या ओळीला अडचण येत नाही, पारापासून त्या बाजूला जाणारी पांदण एकच आहे. पण आता पोरं रोज सकाळी पाराच्या कट्ट्यावर खडूने उगवतीची रेघ मारताहेत, ती कुठवर सरकते ते बघायला.

---

झाडीपट्टी

कृपा करून एक गोष्ट लक्षात घ्या. गडचिरोलीच्या जंगलात असा डबा लपवू नका. बेवारस डबा, त्यातही स्टीलचा, दिसला की तिथे बॉम्बशोधक पथक येतं, आणि तसं यायला कारणंही आहेत. ज्याने डबा ठेवला तो अडचणीत येईल आणि ज्या गावाच्या शिवारात सापडला ते गावही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड पट्ट्यातही रानात नको. तिथे वाघामुळे माणसं दगावतात, गावकरी स्वतः सरपणाला जाताना जीव मुठीत धरून जातात. त्यांच्या रानात हौसेसाठी माणसं बोलावणं मला बरोबर वाटत नाही.

पण खेळ आवडला. आमच्याकडे तो गावातच करता येईल. डबा पोलीस पाटलाला, ग्रामसभेला माहीत असलेल्या जागी, उदाहरणार्थ गोटुलात (गोंड गावातलं सगळ्यांनी एकत्र जमायचं घर) किंवा तलावाच्या पाळीजवळच्या घरी. इकडे मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, गावोगाव आहेत. पाळ, तुडुंब (पाणी सोडायचं तोंड), सांडवा, नहर अशा खुणा वर्षभर जागच्या हलत नाहीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सगळ्यात आधी मिळालेल्यांपैकी ते एक. अशा गावात ग्रामसभा बसते, चर्चा करते, सगळ्यांचं एकमत झालं तरच गोष्ट होते. तिथे जाऊन आधी बसा, ऐका. हो म्हणाले तर त्यांच्याइतक्या खुणा कुणालाच माहीत नाहीत.

---

जुना नाकेदार

झाडीपट्टींशी पूर्ण सहमत. डबा गावात ठेवायची कल्पना उत्तम. डार्टमूरकडेही काही डबे गावातल्या पबमध्ये मागून घ्यावे लागतात. आपल्याकडे चहाची टपरी आहेच.

---

लोणारकाठ

लोणारच्या विवरात करायचा बेत होता, उतरत्या वाटेवरची देवळं धरून. हा धागा वाचून थांबलो. काका, तिथे चालेल?

---

जुना नाकेदार

नाही. लोणार अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. विवराच्या आत काही ठेवू नका. वर गावात करा, काठावरून दिसणाऱ्या गोष्टींवर खुणा लिहा. माणूस काठाने फिरेल, विवर वरून डोळे भरून बघेल, आणि डबा गावातल्या ओळखीच्या दुकानात मिळेल.

---

ठसेवाली

मी अमरावतीला लिनोकटचं, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापायचं, काम करते. ठशाबद्दल कुणी विचारलं नाही म्हणून मीच लिहिते, कारण पोरांना यात सगळ्यात जास्त मजा येते.

साधं पांढरं खोडरबर घ्या, मोठ्या आकाराचं. बटर पेपरवर मऊ पेन्सिलने चित्र काढा, कागद पालथा घालून खोडरबरावर दाबा आणि मागून नखाने घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं, म्हणजे छापताना सुलट येतं. अक्षरं असतील तर हा टप्पा सोडूच नका, देवनागरी उलटी कोरताना वेलांट्या हमखास चुकतात. मग पट्टीच्या कटरने रेषेच्या बाहेरचं काढायचं. पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे रेषेच्या बुडाशी जाड भिंत राहते. पातं आत तिरकं गेलं तर रेष पोकळ होते आणि दहा-बारा छापांत तुटते. शिरोरेषा बारीक ठेवू नका.

रबर उन्हाळ्यात चिकट होतं, प्लास्टिकला लागून राहिलं तर विरघळल्यासारखं होतं. कोरडं सुती फडकं गुंडाळून ठेवा. जास्त टिकवायचं तर लाकडाचा ठसा करा. गावात तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणारे सुतारकाका असतील ना? त्यांना शिवणीचा तुकडा द्या. शिवण कोरायला मऊ आणि तडकतही नाही.

शाईचं पॅड डब्यात ठेवू नका, सुकतं. येणाऱ्याने आपलं आणावं.

---

पांदणवाट

ठसेवाली ताई, हे छापून वर्गात लावते. आमच्या सुतारकाकांनी तर आज वाचूनच शिवणीचा तुकडा काढून ठेवला.

---

सालई

रविवारी जाऊन आलो! मी, नवरा आणि माझी नववीतली मुलगी. सविस्तर लिहिते, जागा फोडणार नाही.

पारावर खुणा वाचल्या, पांदण धरली. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, शेंगा भरलेल्या. पांदण जिथे संपते तिथे ऐन आहे हे आधी वाचलेलं, तरी खोडासमोर उभं राहिल्यावर मुलगी म्हणाली, 'आई, खरंच मगर आहे.' ती सालीच्या चौकोनांवर बोट फिरवत बराच वेळ तिथेच होती. पुढे दगडाकडं म्हणजे कुठे, ते काही कळेना. दगडच दगड. परत खाली आलो. तुरीच्या शेताकडेला एक आजी शेळ्या घेऊन बसल्या होत्या. 'म्हातारीची खाट कुठे आहे आजी?' विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'कायले पायजे? झोपाले?'

मग त्यांनी सांगितलं. त्यांची सासू रानातून मोळी घेऊन यायची तेव्हा तिथे मोळी टेकवायची. तिच्याही आधीच्या बाया तिथेच टेकवायच्या. डोक्यावरची मोळी खाली उतरवली तर एकटीला पुन्हा उचलून घेता येत नाही, म्हणून खांद्याएवढ्या उंचीचा सपाट दगड लागतो. उभ्या उभ्या मोळी त्यावर सरकवायची, दम घ्यायचा, पुन्हा डोक्याने उचलायची. डोंगर उतरताना तेवढ्या उंचीचा तो एकच दगड आहे. मी कित्येक टेकड्या चढले असेन, एखादा दगड असा कधी पाहिला नव्हता. आजी शेळ्या सोडून येऊ शकत नव्हत्या, पण काठीने दिशा दाखवली आणि वर पोचेपर्यंत खालून ओरडून 'उजवीकडं, उजवीकडं' सांगत राहिल्या.

दगडाच्या वरच्या कडेला मधोमध एक गुळगुळीत खळगा आहे. मुलीने त्यावर पाठ टेकून बघितली.

तिथून डबा अर्ध्या तासात मिळाला. काठीने ठोकलं, दगड काढला. झाकणाच्या फटीत मुंग्या जमल्या होत्या, फुंकून घालवल्या. आत सगळं कोरडं होतं. वहीत पोरांचे ठसे आहेत: शेळी, बैल, एक नांगर, एका मुलीने स्वतःचं नाव कोरलंय. आम्ही ठसा नेला नव्हता, मुलीने पेनाने ऐनाच्या सालीचे चौकोन काढून दिले. एक कार्ड घेतलं, वर लिहिलं, 'तुमच्या गावच्या आजींनी वाट दाखवली.' काल पेटीत टाकलं. पायमोज्यातली कुसळं मात्र अजून निघताहेत.

ताई, त्या आजींची मोळीची गोष्ट पोरांच्या वहीत आहे का? नसेल तर आजच लिहून घ्या.

---

वऱ्हाडी गडी

सालई ताई, वाचून अंगावर काटा आला राजेहो. आमच्याकडं बी असाच दगुड हाय, आम्ही त्याले नुसतं 'टेकाची जागा' म्हंतो. आई होती तवा तिले इचारलं असतं तं बरं झालं असतं. आता काकूले इचारतो.

---

मूळचा यवतमाळचा

सालई यांचा प्रतिसाद वाचला. अक्षांश-रेखांशाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. आर्णीजवळ आमच्या गावाचं गायरान आहे, पुढच्या महिन्यात गेलो की सरपंचांशी बोलतो. डबा कुठल्या प्रकारचा घ्यावा?

---

पांदणवाट

सालई, वहीत 'म्हातारीची खाट' एवढंच नाव होतं, कारण लिहिलेलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद सकाळी वर्गात वाचून दाखवला. त्या आजी आमच्या सहावीतल्या एका पोराच्याच आजी निघाल्या! मधल्या सुट्टीत सगळी पोरं त्यांच्या अंगणात जाऊन बसली. मोळी टेकायच्या अजून दोन जागा त्यांनी सांगितल्या, एक नाल्याच्या पलीकडे आणि एक आता शेतात गेलेली. कार्ड अजून यायचंय, पोरं पोस्टमनकाकांना रोज विचारताहेत.

मूळचा यवतमाळचा, डबा स्टीलचाच घ्या, कड्या लावून घट्ट बसणारा. प्लास्टिक उंदीर कुरतडतो, साळिंदरही सोडत नाही. वही दोन पिशव्यांत, आतल्या पिशवीत बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिकाची पुडी. खायचं काही आत ठेवू देऊ नका, मुंग्या लागतात आणि वासाने जनावर येतं. डबा जमिनीला टेकू देऊ नका, उधई वही खाऊन टाकते. झाकणावर आतून-बाहेरून शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं नाव आणि हा काय प्रकार आहे ते ठळक लिहा, म्हणजे अनोळखी माणसाला सापडला तरी तो घाबरणार नाही.

आमचा डबा १० फेब्रुवारीला खाली येईल आणि पाऊस उघडून गवत बसलं की दिवाळीनंतर पुन्हा वर जाईल, नव्या जागी, नव्या खुणांसह. मधल्या काळात तो किराणा दुकानात असेल. तिथे मागा, पण आधी दुकानदारांना डोंगरातली तीन नावं सांगावी लागतील. यायचं असेल त्यांनी त्याआधीच्या रविवारी या, तूर निघायच्या आत आलात तर हुरड्याऐवजी शेंगा उकडून देऊ. आणि आर्णीच्या गायरानाचं ग्रामपंचायतीत काय ठरतं ते इथेच कळवा, खुणा आपण मिळून लिहू.